महागडे बुकशेल्फ स्पीकर घरी आणले आणि आवाज पोकळ निघाला, तर काय तपासायचं

"दुकानात ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी लावले तर डबड्यासारखे वाजतात."

परभणी, जालना, लातूर, नांदेड, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हीच तक्रार कानावर येते. स्पीकर पन्नास हजारांचे असोत की तीन लाखांचे. दुरुस्तीसाठी बोलावणं येतं, पण पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढायची वेळ क्वचितच येते. दोष असतो वायरच्या टोकाला, नाहीतर भिंतीपासूनच्या अंतरात. म्हणून नवा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर), नवी वायर, सबवूफर यांच्या चौकशीला लागण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना घरातला एक सेल आणि मोजपट्टी सोडून काही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

"आवाज बरोबर नाही" एवढ्यावर काहीच सापडत नाही. यातलं नेमकं कुठलं, ते ठरवा.

- पोकळ: तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा गायब. गायक दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो, डोकं जरा हलवलं की जागा बदलतो.
- पातळ: गायक मध्येच आहे, पण छातीतून येणारा आवाज नाही, नुसता गळा.
- फुगलेला: एखादाच सूर किंवा ढोलकीचा एखादाच ठोका खोलीभर घुमतो, बाकी ठीक.
- टोचणारा: 'स', 'श', झांजा, घुंगरू कानाला लागतात. अर्ध्या तासात डोकं धरतं.
- ठरावीक सुरावर तर्रर्र किंवा घर्रर्र.
- गाणं बंद असतानाही घूं.
- एक बाजू दबलेली किंवा मुकी.
- आवाज वाढवला की फाटतो, किंवा अ‍ॅम्प स्वतःच बंद पडतो.

तपासणी करताना दरवेळी वेगळं गाणं लावू नका. मी मोबाइलवरचा तानपुरा काळी एकमध्ये लावतो आणि त्यानंतर ओळखीचं एक ख्याल गायन. पुरुष गायकाचा काळी एकचा मध्य सप्तकातला सा १३८-१३९ हर्ट्झला येतो आणि तानपुऱ्याची खरजाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. पाच-सहा इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) चांगल्या बुकशेल्फ स्पीकरला ही तार दाखवता आली पाहिजे. तारा एकापाठोपाठ वाजत असताना कुठली तार दबते, कुठली फुगते, हे चार मिनिटांत कळतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिली तपासणी: मोबाइल, टीव्ही, अ‍ॅप

स्पीकरकडे वळायच्या आधी गाणं जिथून येतंय ते बघा. मोबाइलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' नावाचं बटण असतं. घरात कुणी एका कानात इअरफोन घालून ऐकण्यासाठी ते कधीतरी चालू केलेलं असतं आणि तसंच राहतं. मग लाखाची जोडी एकच आवाज दोनदा वाजवत बसते. तिथेच डावी-उजवीची पट्टी असते, ती मधोमध आहे का बघा. इक्वलायझर, 'सराउंड', 'बास बूस्ट', '३डी' असलं जे काही असेल ते बंद करा. ही सोंगं मोबाइलच्या टिचभर स्पीकरसाठी असतात.

टीव्हीची ऑप्टिकल वायर पोटातच अ‍ॅम्प असलेल्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला जोडली आणि काहीच ऐकू येत नसेल, किंवा नुसती खरखर येत असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'ऐवजी 'पीसीएम' निवडा. बहुतेक दोन चॅनेलच्या स्पीकरना डॉल्बीचा संकेत उलगडता येत नाही. टीव्हीवाल्यांची निम्मी गाऱ्हाणी इथेच मिटतात.

एक बाजू दबलेली असेल तर अ‍ॅम्पच्या मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदला. दबलेली बाजूही बदलली, तर दोष अलीकडे आहे: मोबाइल, डॅक (डिजिटल संकेताचा आवाज करणारी डबी) किंवा ती पिन. बाजू तीच राहिली, तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या बाजूने आपसात बदला. आता बाजू बदलली तर अ‍ॅम्पचं एक चॅनेल, नाही बदलली तर तो स्पीकर किंवा त्याची वायर. या दोन अदलाबदलींत दोष कुठल्या पेटीत आहे ते समजतं, आणि भलतीच वस्तू दुकानात नेण्याचा फेरा वाचतो.

दुसरी: लाल-काळं

पोकळ आवाजावर पहिला संशय हाच. एका स्पीकरला लाल लालला गेली आणि दुसऱ्याला लाल काळ्याला, की एक वूफर बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. खालचे सूर एकमेकांना मारतात. बास जातो, गायक मधून हलतो. काही जळत नाही, काही बिघडत नाही, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. पारदर्शक वायरीत दोन्ही तारा तांबूस दिसतात आणि कन्सिल पाइपातून ओढलेल्या वायरीला दुसऱ्या टोकाला कुठली कुठली ते इलेक्ट्रिशियनलाही आठवत नसतं.

ओळखायचं असं. अ‍ॅम्प बंद करा, वायरी अ‍ॅम्पच्या बाजूने सोडवा. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या. अ‍ॅम्पच्या लालला जाणारी तार सेलच्या अधिक टोकाला धरा आणि दुसरी तार उण्याला नुसती टेकवून काढा. 'टप्प' असा आवाज येईल. त्या क्षणी वूफर कुठे सरकला ते दुसऱ्याला बघायला सांगा. बहुतेक स्पीकरमध्ये तो बाहेर येतो. खरी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंचे वूफर एकाच दिशेला सरकले पाहिजेत. सेल धरून ठेवायचा नाही, फक्त टेकवायचा. ज्यांच्या पोटातच अ‍ॅम्प असतो त्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरना ही चाचणी लागू नाही.

वायरी सोडवल्याच आहेत तर तिची टोकंही बघा. एखादी बारीक तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल तर अ‍ॅम्प धोक्यात आहे. तांबं हिरवट-काळं पडलं असेल तर अर्धा इंच कापून नवं टोक सोला. टोक ब्लेडने खरवडल्यावर आतून चांदीसारखं पांढरं निघालं, तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ते वाकवून वाकवून तुटतं.

वायरीवर किती खर्च करायचा, यावर माझं मत रोखठोक आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर पाच मीटरपर्यंत पुरून उरते. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा अडथळा साधारण ०.०८ ओहम होतो. चार ओहमच्या स्पीकरसमोर तो दोन टक्के. त्यापुढचे पैसे स्टँडला लावा.

तिसरी: पुढची जाळी, मागचं भोक

ट्विटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या घुमटावर) लावलेलं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून गेलेलं मी पाहिलंय. हसण्यासारखं आहे, पण बघा.

मागच्या किंवा पुढच्या पोर्टमध्ये टॉर्च मारा. अंबाजोगाईच्या एका घरात डाव्या बाजूचा बास गेला म्हणून बोलावलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद होतं आणि कुंभारीण माशीने पोर्टच्या नळीत मातीची घरटी बांधून ती जवळजवळ बुजवली होती. मराठवाड्यात खिडकी उघडी आणि भोक रिकामं असलं की ही पाहुणी येतेच. पालीही आत शिरतात. बरेच दिवस गावाला जायचं असेल तर पोर्टवर पातळ कापड रबराने बांधा. माती काढताना स्पीकर पोर्ट खाली येईल असा धरा आणि ओला ब्रश वापरू नका.

पोर्टमध्ये घालायचे स्पंजचे बोळे पेटीसोबत येतात. ते घातलेले असतील आणि आवाज पातळ असेल, तर काढून ऐका. काढलेले असतील आणि आवाज फुगत असेल, तर घालून ऐका.

धूळ आपल्याकडे बारमाही. जाळी काढून मऊ कोरड्या ब्रशने झटका. ट्विटरच्या घुमटाला बोट नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही. रेशमी घुमट दबला असेल तर कधीकधी परत येतो. धातूचा दबला की पोचा राहतोच.

चौथी: जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हीच मोठी.

सेलूला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. जोडी उत्तम, अ‍ॅम्प उत्तम, वायरी सरळ. पुस्तकात वाचून त्यांनी स्पीकर भिंतीपासून बरोबर दोन फूट पुढे घेतले होते, पट्टीने मोजून. आणि गायकाचा सा पातळ. "भरीव नाही हो लागत," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि कान अगदी बरोबर होता.

खालचे सूर पेटीला वळसा घालून मागे जातात, भिंतीवर आपटतात आणि परत येतात. परतलेला आवाज पुढच्या आवाजाच्या नेमका उलटा पडला, की तो सूर मरतो. कुठला सूर मरणार ते पेटीच्या पुढच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतरावर ठरतं. ते अंतर चारने गुणायचं आणि आवाजाचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, त्याने भागायचा. दोन फूट म्हणजे ०.६१ मीटर. उत्तर येतं १४० हर्ट्झ. काळी एकचा सा १३८-१३९. म्हणजे गायक ज्या सुरावर उभा आहे, नेमका तोच सूर भिंत खाते. वरचे अंश शाबूत असल्याने सूर ऐकू येतो, पण त्याचं अंग जातं.

गुरुजींचे स्पीकर मागे सरकवले. पेटी अकरा इंच खोल, मागे चार इंच मोकळे, म्हणजे पुढचं तोंड भिंतीपासून पंधरा इंचांवर. आता खड्डा, म्हणजे सूर मरतो ती जागा, गेला २२५ हर्ट्झला. तो खड्डा भिंतीवर जाड काही ठेवून बराच भरतो, १४० चा भरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे साडेतीन फूट पुढे घेणे. मग खड्डा ८० हर्ट्झला जातो, खरजाच्या वर आणि सा च्या बराच खाली. मोठा हॉल असेल तर हेच करा. दहा बाय बाराच्या खोलीत साडेतीन फूट पुढे घेतले तर बसायचं कुठे?

बाजूच्या भिंतीलाही हाच हिशेब आणि जमिनीलाही. म्हणून वूफरपासून जमीन, बाजूची भिंत आणि मागची भिंत ही तिन्ही अंतरं सारखी ठेवू नका. तिन्ही दोन-दोन फूट झाली की खड्डा आणखी खोल जातो. आणि एक स्पीकर कोपऱ्यात, दुसरा दाराशेजारी मोकळा, असं केलं की गायक कोपऱ्याकडे झुकलाच म्हणून समजा.

आता फुगण्याकडे. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बारा, आणि स्लॅबची उंचीही बहुतेक ठिकाणी दहा फूट. खोलीच्या प्रत्येक मापाचा आपला एक सूर असतो. दहा फुटांचा ५६ हर्ट्झ, बारा फुटांचा ४७. रुंदी आणि उंची दोन्ही दहा म्हटल्यावर ५६ दुप्पट जोराने घुमतो. तो सूर भिंतीला चिकटून सगळ्यात मोठा ऐकू येतो, आणि दिवाण तर सगळ्यांचा भिंतीलाच टेकलेला. दिवाण दोन-अडीच फूट पुढे ओढा. शक्य नसेल तर निदान तपासणीपुरती खुर्ची पुढे घेऊन बसा. फुगणं कमी झालं तर सबवूफरचा विचार मनातून काढा, तुमच्याकडे बास जास्तच आहे.

दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्या कानापासून प्रत्येकाचं अंतर साधारण सारखं ठेवा. दहा फुटी भिंतीवर साडेपाच फूट ठीक बसतात. तोंड कानाकडे किंचित वळवा. 'स' टोचत असेल तर वळण कमी करा, गायक धूसर असेल तर वाढवा. कान ते स्पीकर हे अंतर दोन्हीकडे दोरीने मोजा, नजरेने नाही. दोनेक इंचांचा फरकही गायकाला बाजूला ओढतो.

पाचवी: उंची, स्टँड आणि खडखड

ट्विटर कानाच्या उंचीला हवा. बाजारातले चोवीस इंची स्टँड खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी केलेले असतात. तुम्ही गादीवर लोडाला टेकून ऐकत असाल तर कान जमिनीपासून तीस इंचांच्या आसपास येतो आणि ट्विटर डोक्यावरून जातो. त्यात ट्विटर आणि वूफरच्या सुरांची जी सांध आहे, तिथे आवाज विरळ होतो. अठरा-वीस इंची स्टँड करून घ्या. वेल्डिंगवाल्याकडून तीन इंची चौकोनी पाइप, खाली-वर जाड पत्रा, पाइपात धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू. ओली वाळू आतून गंज आणते. वर पेटीच्या चारी कोपऱ्यांखाली ब्लू टॅक या चिकट लांबीचे छोटे गोळे. असला स्टँड आयात केलेल्यापेक्षा दिसायला साधा, वाजायला काही कमी नाही.

देवळीत किंवा शोकेसच्या कप्प्यात ठेवायचेच असतील तर पेटीचं तोंड फळीच्या कडेच्या किंचित पुढे काढा आणि बाजूला दोन-तीन इंच जागा सोडा. मागे पोर्ट असेल तर बोळे घालावेच लागतील.

तर्रर्र येत असेल तर स्पीकरवर संशय घेण्याआधी घर तपासा. मोबाइलवर सूर वाजवणारं अ‍ॅप मिळतं. हळू आवाजात ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढवत जा आणि दुसऱ्याला खोलीभर फिरवा. शोकेसची काच, लोखंडी कपाटाची मूठ, कूलरची जाळी, भिंतीवरच्या फोटोची चौकट. एकदा तर भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची परात निघाली. हात ठेवल्यावर थांबतं का, ही एकच परीक्षा. आवाज पेटीतूनच येत असेल तर वूफरचे पुढचे स्क्रू हाताच्या बेताने आवळून बघा. लाकडी भुशाच्या पाटीत ते जोर लावला की फिरतात आणि मग धरत नाहीत.

सहावी: खोली उघडीबोडकी आहे का

शहाबादी किंवा चकचकीत फरशी, प्लास्टरच्या भिंती, वर स्लॅब, पडदे नाहीत. टाळी वाजवा. मागे 'ट्रिंग' असा धातूचा पडसाद उमटला तर टोचणारा आवाज इथूनच येतोय. जुन्या माळवदाच्या वाड्यात, मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांखाली हेच स्पीकर मी ऐकलेत. तिथे 'स' टोचत नाही. पण माळवदाचं घर आता कुणाकडे उरलंय!

खर्च करायची गरज नाही. एकाला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा. तुमच्या बैठकीवरून आरशात जिथे ट्विटर दिसेल, तिथे भिंतीवर वाकळ टांगा. घरची जाड वाकळ, शक्यतो दुहेरी, भिंतीपासून दोन बोटं सुटी. पुढे फरशीवर सतरंजी. हिमरूची शाल शोभेला छान दिसते, आवाजाला तिचा काही उपयोग नाही, ती पातळ पडते. कापसाची जुनी गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली की फुगणंही थोडं उतरतं. अंड्याचे ट्रे चिकटवू नका. त्याने फक्त झुरळांची सोय होते.

सातवी: घूं

आधी अ‍ॅम्पच्या सगळ्या पिना काढा, फक्त स्पीकर जोडलेले ठेवा. घूं थांबला तर तो बाहेरून येतोय. आता एकेक पिन परत लावा. बहुतेकदा गुन्हेगार दोघांतला एक असतो: सेट टॉप बॉक्सची केबल, नाहीतर लॅपटॉपचा चार्जर. केबलची गोल वायर बॉक्समधून काढल्यावर शांत झालं तर केबलच्या वाटेने अर्थिंगचा फेरा तयार झालाय, त्यासाठी छोटं आयसोलेटर मिळतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर शांत झालं तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या.

भारनियमनात इन्व्हर्टरवर आल्यावरच घूं येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर त्यावर गुरगुरतोच. साइन वेव्हचा नसेल तर लाइट येईपर्यंत थांबलेलं बरं.

मे महिन्यात घूं वाढतो, पावसाळ्यात कमी होतो, कूलर लावला की आणखी वाढतो, आणि अ‍ॅम्पच्या धातूच्या अंगाला हात लावला की बदलतो. हे चारही जुळले तर स्पीकर सोडा, घराची अर्थिंग बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा जमिनीला धरत नाही. वर कूलरची गळती. जुन्या घरात तर बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गाणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब तोच मोजेल. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्डा किंवा वायरिंग दुरुस्त करावं लागेल.

घूं जावा म्हणून थ्री-पिनची अर्थची पिन कापून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. घूं खरंच जातो. पण अ‍ॅम्पच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून जाईल. पिन कापायची नाही.

आठवी: अ‍ॅम्पचा दम

आवाज वाढवल्यावर फाटणं हा बहुतेकदा अ‍ॅम्पचा दोष. छोट्या पेटीतून खोल बास हवा असेल तर संवेदनशीलता (तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते) कमी होते, यातून सुटका नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात ओबी व्हॅनसाठी (स्टुडिओबाहेरच्या प्रसारणाच्या गाडीसाठी) घडवलेला एलएस३/५ए स्पीकर घ्या. बुटाच्या खोक्याएवढा, आवाज आजही वाखाणतात, पण संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल. तीन डेसिबल जास्त हवे तर वॉट दुप्पट लागतात. ८२ चा स्पीकर ८८ च्या इतका वाजवायला चौपट पॉवर. दमलेला अ‍ॅम्प लाटांचे शेंडे छाटतो आणि त्याने ट्विटर जळतात. छोट्या अ‍ॅम्पने ट्विटर जास्त जळतात, मोठ्याने कमी.

अ‍ॅम्प दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल तर तो तापतोय. परभणीच्या चाळीस-बेचाळीस अंशांत शोकेसच्या बंद कप्प्यात कुठलाही अ‍ॅम्प तापणार. वर चार इंच मोकळे सोडा. स्पीकर चार ओहमचे आणि अ‍ॅम्पच्या मागे फक्त '६ ते १६ ओहम' लिहिलेलं असेल तर जोडीच चुकली आहे.

अजून घ्यायचे असतील तर

दुकानातल्या खोलीत गालिचा, पडदे, मोठं अंतर असतं. पुण्याला किंवा हैदराबादला ऐकायला जाल तेव्हा तुमच्या खोलीची मापं, बसायची उंची आणि पोर्ट कुठे आहे हे लिहून न्या आणि स्पीकर भिंतीजवळ सरकवून ऐकवायला सांगा. दहा बाय बाराला पाच ते साडेसहा इंची वूफर पुरे. भिंतीजवळच ठेवायचे असतील तर पुढे पोर्ट असलेले किंवा बंद पेटीचे घ्या. वूफरच्या कडेला रबर हवं. जुन्या स्पंजच्या कडा आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत भुगा होतात, जुनी जोडी घेताना बोटाने हळूच दाबून बघा.

"शंभर तास वाजवा, मग उघडतील" असं दुकानदार म्हणेल. सुरुवातीला वूफरची कड थोडी मऊ पडते, हे खरं. पण उलटी वायर आणि दोन फुटांची भिंत शंभर तासांनी सुधारत नाही, आणि तोवर परत करायची मुदत मात्र संपते.

इथे थांबा

अ‍ॅम्प बंद करून, वायर काढून मल्टिमीटर स्पीकरच्या टर्मिनलला लावा. आठ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमचा तीन ते साडेतीन-पावणेचार. काहीच दाखवलं नाही तर आतला जोड किंवा वूफरची कॉइल तुटली आहे. आकडा बरोबर आला म्हणून ट्विटर जिवंत आहे असं मात्र समजू नका. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, मीटरला तो दिसतच नाही. ट्विटरसाठी आवाज हळू ठेवून कान जवळ न्या, दोन्ही बाजूंची तुलना करा.

दुसरी मोजणी अ‍ॅम्पची. स्पीकर सोडवलेले, आवाज शून्यावर, मीटर डीसीवर, एका चॅनेलच्या लाल-काळ्यात. पन्नास मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या अ‍ॅम्पला स्पीकर परत जोडू नका, कॉइल भाजून निघेल.

यापुढे घरचं काम नाही. जळका वास आला, धूर दिसला, वूफर दाबताना आत घासल्यासारखा आवाज आला, ट्विटर मुका निघाला, अ‍ॅम्प डीसी देतोय, किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर चालूच होत नाही, तर थांबा. अ‍ॅम्पची आणि अ‍ॅक्टिव्ह स्पीकरची पाठ उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. वॉरंटी असेल तर स्पीकरचे स्क्रूही तसेच ठेवा. कंपनीचं सील तुटलं की बोलणं संपतं.

दुरुस्तीला देताना एकच नाही, दोन्ही पेट्या द्या. कारागिराला मॉडेलचा नंबर, कुठला दोष, कुठल्या तपासण्या झाल्या आणि मीटरचे आकडे लिहून द्या. नवा ट्विटर मूळ कंपनीचाच मागा, आणि तो मिळत नसेल तर दोन्ही बाजूंना सारखाच बसवायला सांगा. घेऊन निघण्याआधी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून, मोबाइलचं तेच 'मोनो' बटण चालू करून, एकदा फक्त डावी आणि एकदा फक्त उजवी ऐका. फरक ऐकू आला तर पैसे तिथेच थांबवा.